पार्बताबाईवरील चुलीचे दोन खटले व धामणखेडचा वारा

प्रति,
मेहेरबान डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट साहेब बहादूर,
जिल्हा अमरावती, मध्यप्रांत व वऱ्हाड.

अर्जदार : देवीदास वल्द पुंजाराम खेरडे, धंदा भाजीचा व फुलांचा मळा, राहणार मौजे धामणखेड, बडनेरा ते नांदगाव खंडेश्वर रस्ता.

विषय : माझी आई पार्बताबाई हिच्यावर चूल पेटविल्याबद्दल एक व चुली विझविल्याबद्दल एक असे दोन खटले दोन कोर्टांत दाखल आहेत, ते एकाच कोर्टात एकाच दिवशी चालविण्याबाबत.

संदर्भ : दोन्ही कोर्टांची समन्से, नकला सोबत.

साहेब मजकुरांचे सेवेशी,

१. आमचे गाव टेकडीच्या पायथ्याशी आहे. टेकडी पश्चिमेला, नाल्याची खिंड आग्नेयेला आणि मध्ये गवती छपरांची घरे एकमेकांना टेकून उभी आहेत. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून त्यांचे गंज घराच्या भिंतीला लावून ठेवतात, कारण वर्षभराचे जळण तेच. दोन उन्हाळ्यांपूर्वी भर दुपारी एका चुलीची ठिणगी अशा गंजावर पडली आणि त्याच वेळी खिंडीतून वारा सुटला. निम्मी आळी जळाली. माणूस दगावला नाही, परंतु खुशालराव पाटील यांची बैलजोडी दावणीला बांधलेली होती, ती सोडवता आली नाही. पाटील बैलांपर्यंत पोचले होते. त्यांच्या दोन्ही हातांवर त्याच्या खुणा आहेत. मी त्या दिवशी आमच्या मळ्यातील विहिरीचे पाणी वाहत होतो, म्हणून हे ऐकीव लिहीत नाही.

२. त्यानंतर गावात आग-बंदोबस्त कमिटी झाली. पाटील अध्यक्ष व शाळेचे रविकांत मास्तर चिटणीस. जोराचा वारा असेल त्या दिवशी सकाळची न्याहारी झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत गावात कोणी चूल पेटवू नये, असा नियम झाला व त्यास सरकारातून मंजुरी मिळाली. नियम चांगला आहे. मीही हात वर केला होता व आजही करीन. माझा अर्ज नियमाविरुद्ध नाही, हे साहेबांनी कृपया आरंभीच ध्यानात घ्यावे.

३. अडचण एवढीच आली की जोराचा वारा कशास म्हणावे हे नियमात नव्हते. ज्यांचा स्वयंपाक उरकला असे त्यांना वारा फार लागे. ज्यांचा राहिला असे त्यांना मुळीच लागत नसे. एकदा तर सख्ख्या भावांच्या दोन घरांत, भिंत एक असूनही, दोन तऱ्हेचा वारा होता. रोज चावडीवर तंटा होऊ लागला. तेव्हा पाटलांनी असे ठरविले की गावातल्या कोणाचेच ऐकू नये, सरकारी हवामानाचा अंदाज वर्तमानपत्रात येतो तो मानावा. मास्तर बडनेऱ्याहून वर्तमानपत्र मागवीत, त्यातील चार ओळी ते मराठीत उतरवून चावडीच्या दारावर लावू लागले. तंटे बंद झाले. आमच्या गावाला इतकी शांतता पूर्वी कधी लाभली नव्हती.

४. पहिलाच कागद लागला तो असा : ‘वऱ्हाडात पश्चिमेचा जोराचा वारा राहील.’ यावर ओमप्रकाश दुकानदार यांनी शंका काढली की पश्चिमेचा म्हणजे पश्चिमेकडून येणारा की पश्चिमेकडे जाणारा. पाटील म्हणाले, “यात काय विचारतं? तिकडून येते तो तिकडचा.” ओमप्रकाश म्हणाले, “पाटीलसाब, टेसनवर आपण अकोल्याची गाडी म्हणतो, ती अकोल्याहून येणारी असते का अकोल्याले जाणारी?” हे मास्तरांना विचारावे असे कमिटीने ठरविले. मास्तर नांदगावास गेलेले होते. ते परत येईपर्यंत गावाने दोन्ही बाजूंचा वारा धरून चुली बंद ठेवल्या. मास्तरांनी आल्यावर सांगितले की वाऱ्याला तो ज्या दिशेकडून येतो तिचे नाव देतात, मग तो कोठेही जावो. हे सर्वांना पटले. फक्त ओमप्रकाश म्हणाले की मग रेल्वेवाल्यांनीही तसेच करायला हवे.

५. दुसरी गोष्ट लक्षात यायला थोडा काळ गेला. अंदाज असतो तो पुढच्या एका दिवसाचा. तो छापून, गाडीत बसून, बडनेऱ्यास उतरून आमच्या गावी येईपर्यंत तो दिवस संपलेला असतो. म्हणजे आज चावडीवर लागतो तो कालचा वारा. मास्तरांनी कमिटीपुढे हे मांडले. कमिटीने विचार केला की कालची चूल आज बंद करता येत नाही, सबब कागद ज्या दिवशी लागेल त्या दिवशी वारा आहे असे समजावे. तेव्हापासून धामणखेडात वारा एक दिवस उशिरा वाहतो.

६. तिसरी गोष्ट मास्तरांनीच सर्वांआधी सांगितली होती. वऱ्हाड म्हणजे बुलढाण्यापासून पार यवतमाळापर्यंतचा मुलूख. एवढ्या मुलुखाचा वारा चार ओळींत आला तर त्यात आमची टेकडी व आमची खिंड येणार नाही. पश्चिमेचा वारा कितीही जोराचा असला तरी तो आमच्या टेकडीवरून डोक्यापलीकडे निघून जातो, खाली पळसाचे पान हलत नाही. उलट आग्नेयेचा वारा बाहेर मंद असला तरी खिंडीत शिरला की भात्यातून निघाल्यासारखा येतो. मास्तरांनी याबद्दल हवामान खात्यास पत्रही लिहिले. उत्तर फार सभ्यपणाचे आले. अंदाज मोठ्या प्रदेशाचा असतो, डोंगर, झाडी, नाले यांच्यामुळे गावोगावचा वारा निराळा होतो, दुपारी जमीन तापली म्हणजे एकाएकी झोत उठतात, तरी अंदाज वाचून सावध राहावे व स्वतःच्या गावचा वारा स्वतः बाहेर येऊन पाहावा, असा त्याचा मथितार्थ. मास्तरांनी ते चावडीवर मोठ्याने वाचले. कमिटीचे मत पडले की उत्तर छान आहे, पण त्यात हुकूम नाही.

मी पाटलांना दोष देत नाही. त्यांनी त्या बैठकीत मास्तरांना जे म्हटले ते मला आठवते : “मास्तर, बाहीर येऊन पाहाचं म्हनता, पन कोनाच्या डोयानं? मी पाहून राहिलो तवाच तं माहे बैल गेले.”

७. आता पहिल्या खटल्याची हकीकत. गेल्या ६ मे रोजी चावडीवर पश्चिमेचा जोराचा वारा लागला होता. माझी पत्नी वच्छला हिला पहाटेपासून कळा येत होत्या. हे तिचे तिसरे बाळंतपण. आधीची दोन्ही मुले जन्मतःच गेली. सुईण म्हणाली, उकळते पाणी तयार ठेवा, ते लागेल तेव्हा शोधायला वेळ नसतो. तोवर न्याहारीची वेळ टळून गेली होती. आईने चूल पेटविली नाही. ती नियमाप्रमाणे आधी परवानगी मागण्यास चावडीवर गेली. मी बरोबर होतो. तेथे झालेले बोलणे खटल्यात महत्त्वाचे असल्याने जसे झाले तसे देतो.

आई म्हणाली, “पाटील, सून अडली हाय. पानी तापवू द्या.”

पाटील म्हणाले, “काकू, आज वारा हाय.”

“कुठं हाय?”

“कागदावर हाय.”

कागद दारावर वरच्या एकाच खिळ्याने लावलेला होता, खालची दोन्ही टोके मोकळी. आईने त्याच्याकडे पाहिले व म्हटले, “तो कागदच हालून नाही राहिला, पाटील.”

पाटलांनीही कागदाकडे पाहिले. मग ते म्हणाले, “त्या दिवशी बी पहिले काहीच हालून नव्हतं राहिलं. पानी उनात ठेवा काकू, तापते.”

आई म्हणाली, “उनातलं पानी आंग धुवाले पुरते. जीव आनाले नाही पुरत.”

पाटील उठून आत गेले. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

८. आम्ही घरी आलो. आईने घरातील चुलीला हात लावला नाही. ती मळ्यात गेली. कांदे निघून मोकळ्या झालेल्या वाफ्यात, जवळ छप्पर नाही, गंज नाही, अशा जागी तिने मला गुडघाभर खड्डा खणायला लावला. भोवतालची माती विहिरीच्या पाण्याने चिंब केली. भरलेल्या घागरी देऊन शेजारच्या बायका चारी बाजूंस उभ्या केल्या आणि खड्ड्याच्या तळाशी विस्तव लावला. वरून पाहिले तर जाळ दिसत नव्हता, धूर मात्र सरळ वर जात होता, दोरी टांगल्यासारखा. मळा गावठाणाच्या हद्दीत येतो की बाहेर, हे पंचनाम्यात मोजून काढले आहे. आत येतो.

मूल झाले. मुलगी. ती रडली नाही. हात लावावा तिकडे मान पडे. सुईणीने तिला एकदा थंड पाण्यात व एकदा ऊन पाण्यात असे खालीवर करायला सुरुवात केली. थंड पाण्याला नियमाची आडकाठी नव्हती. ऊन पाणी खड्ड्यावरून आई व मी पळत आणीत होतो. किती वेळ गेला हे मला सांगता येणार नाही. वच्छला आतून विचारत होती, “काहून रडत नाही? काहून रडत नाही वं?” मी आधीच्या दोन वेळी ज्या जागी उभा होतो त्याच जागी उभा आहे हे माझ्या ध्यानात आले, म्हणून मी मुद्दाम दुसऱ्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. मग मुलगी रडली. असे रडली की चावडीवर ऐकू गेले.

९. ते ऐकून पाटील कोतवालास घेऊन आले. त्यांनी खड्डा पाहिला, धूर पाहिला, घागरी घेतलेल्या बायका पाहिल्या. आईने त्यांना सांगितले, “पोरगी झाली.” पाटलांनी एका बाईच्या हातची घागर स्वतःच्या हातात घेतली आणि शेवटचा निखारा काळा पडेपर्यंत ते खड्ड्याच्या काठी उभे राहिले. मग कोतवालाकडून पंचनामा लिहविला. जाताना ते म्हणाले, “काकू, मी लेहलं नाही तं उद्या कोनाले अडवू?” आई म्हणाली, “लेहा ना बापा.” सरकारी हुकूम मोडल्याचा पहिला खटला तो हा. त्यातील प्रत्येक अक्षर खरे आहे.

१०. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ मे रोजी, चावडीवर कागद लागला : ‘वारे मंद व बदलते.’ सबंध गाव खूष झाले. घरोघर चुली पेटल्या. आदल्या दिवशीचे राहिलेले सगळे त्या दिवशी शिजत होते. ओमप्रकाश यांनी दुकानामागे शेवेची कढई चढविली. पाटलांच्या घरी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुरण घाटत होत्या.

दुपारी आई बाळाची दुपटी वाळत घालण्यास अंगणात गेली. तिचे म्हणणे असे की दुपटे दोरीवर टाकले तो ते तिच्या तोंडावर आले. तिने ते दुसऱ्या बाजूने टाकले, तर ते पुन्हा तोंडावर आले. खिंडीकडे आभाळ तांबडे झाले होते व नाल्यातून धूळ उठत होती. आईला हवामानातले काही कळते असा आमच्या घरात कोणाचाही दावा नाही. ती मला एवढेच म्हणाली, “मले भेव लागून राहिलं. पोरगी घरात हाय.” तिने आपली चूल विझविली, कळशी घेतली आणि शेजारच्या घरात शिरली.

११. यापुढील प्रकार दुसऱ्या खटल्याच्या तक्रारीत सविस्तर आला आहे व तोही खरा आहे. आई न विचारता घरोघर शिरली व चुलीत पाणी ओतत गेली. कोणी अडविले तर “इझवा, इझवा” यापलीकडे बोलली नाही. कळशी रिकामी झाली की ज्या घरात असेल तेथल्याच रांजणातून भरून घेई. सत्यभामाबाईंच्या चुलीत पाणी ओतले तेव्हा राख पुरणात गेली. ओमप्रकाश यांच्या कढईखाली पाणी ओतले तेव्हा राखेचा लोट तेलात बसून सगळी शेव काळी झाली. ओमप्रकाश ओरडले, “बाई, पागल हो गई क्या? आज हवा मंदी है, चावडी पर लिखा है!” चिडलेल्या बायका आपापल्या घागरी, हंडे, जे हाती होते ते घेऊन आईच्या मागे आळीत आल्या. काहींच्या मनात तिच्या अंगावर पाणी टाकायचे होते, असे त्यांनी मला नंतर प्रांजळपणे सांगितले.

१२. तेवढ्यात खिंडीतला वारा गावात शिरला. ओमप्रकाश यांच्या दुकानावरचा टिनाचा पत्रा उडून शाळेच्या आवारात पडला. आई ज्या घरांपर्यंत पोचली नव्हती, त्यांतल्या शेवटच्या घरातील चुलीची ठिणगी उडून पाटलांच्या घराला लागून असलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजावर पडली आणि गंजाने पेट घेतला. जाळ छपराच्या वळचणीला लागला. परंतु साऱ्या आळीतील बायका पाण्याने भरलेली भांडी घेऊन तेथेच उभ्या होत्या. आईवर टाकायचे पाणी त्यांनी गंजावर टाकले. पाटील घरातून धावत बाहेर आले, ते सत्यभामाबाईंचे नाव घेत होते. सत्यभामाबाई त्यांच्यापुढेच राखेचे हात घेऊन उभ्या होत्या. वळचणीचा हातभर तुकडा जळाला. त्याशिवाय त्या दिवशी गावातले काही जळाले नाही.

१३. ओमप्रकाश यांनी दुसऱ्या दिवशी घरात शिरून नुकसान केल्याची तक्रार दिली. मी त्यांना भेटलो. ते म्हणाले, “देवीदासभाऊ, दुकान वाचलं ते मले मालूम आहे. पन शेव तं गेलीच ना?” शेव गेली हे खरे आहे.

१४. पाटील आपली तक्रार मागे घेण्यास स्वतः कोर्टात गेले होते. तेथे त्यांना कळले की सरकारी हुकूम मोडल्याचा खटला एकदा उभा राहिल्यावर तो त्यांच्या एकट्याच्या हातचा राहत नाही. ते परत आले आणि दोन दिवस चावडीवर बसले नाहीत. नंतर त्यांनी मास्तरांना बोलावून कमिटीचा ठराव बदलला. कागद वाचून सकाळी सावध व्हावे, चूल पेटविण्यापूर्वी प्रत्येकाने बाहेर येऊन पाहावे आणि खिंडीकडे धूळ उठलेली दिसली तर कागदात काही असो, चुली विझवाव्यात. ठरावाला सर्वांनी हात वर केले. ओमप्रकाश यांनीही केला.

१५. आता माझी अडचण. पहिल्या खटल्यात आईने वारा असताना चूल पेटविली असा आरोप आहे व कागदोपत्री वारा होता. दुसऱ्यात तिने वारा नसताना चुली विझविल्या असा आरोप आहे व कागदोपत्री वारा नव्हता. दोन्ही गुन्ह्यांना पुरावा भरपूर आहे आणि ती दोन्ही कबूल करणार आहे. मी अमरावतीस एका वकिलांना विचारले. त्यांचा सल्ला असा पडला की पहिल्या कोर्टात वारा नव्हता असे म्हणावे व दुसऱ्या कोर्टात वारा होता असे म्हणावे. आईला हे समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मी दोन ठिकानी दोन कायले सांगू? पेटवली बी मीच, इझवल्या बी मीच. एकाच्यापुढंच सांगतो ना.”

साहेब, पहिल्या कोर्टात ती निष्काळजी बाई ठरेल, जिला आगीची पर्वा नाही. दुसऱ्या कोर्टात ती वेडसर बाई ठरेल, जिला आगीचे नको इतके भय आहे. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतील आणि त्यांत माझी आई कोठेच नसेल. ती शिक्षेला भीत नाही. तिला आधीच्या दोन नातवंडांच्या वेळी काही करता आले नाही, ह्या वेळी आले, एवढ्यावर ती समाधानी आहे. परंतु माझी मुलगी मोठी होईल आणि कोणी तिला सांगेल की तुझ्या आजीला तुझ्यापायी दंड झाला होता, तेव्हा निदान पूर्ण हकीकत एका ठिकाणी लिहिलेली असावी, असे मला बाप म्हणून वाटते.

१६. सबब प्रार्थना की, साहेबांनी आपल्या अधिकारात दोन्ही खटले एका कोर्टाकडे वर्ग करावेत, दोन्हींची तारीख एकच द्यावी व आईची कबुली तोडून न घेता सलग लिहून घ्यावी. त्यानंतर होईल ती शिक्षा आम्हांस मान्य आहे. वच्छला अद्याप अशक्त असून मुलगी आजीजवळच राहते, तेव्हा तारखेस मुलीलाही बरोबर आणण्याची परवानगी असावी. ती कोर्टात रडली तर कृपया बाहेर काढू नये. आम्ही तिला रडण्याबद्दल अजून एकदाही गप्प केलेले नाही.

ता. २४ मे १९३४
मुक्काम धामणखेड

साहेबांच्या निकालाकडे डोळे लावून बसलेला,
देवीदास पुंजाराम खेरडे
सही दस्तुरखुद्द

सोबत : दोन्ही समन्सांच्या नकला, हवामान खात्याच्या उत्तराची नक्कल (रविकांत मास्तरांच्या अक्षरात).

शेरा : पहिल्या खटल्यातील फिर्यादी मीच आहे. वरील मजकूर मास्तरांकडून वाचून घेतला, बरोबर आहे. पार्बताबाईने न विचारता माझ्या घरात शिरून चुलीवर पाणी ओतले ही गोष्ट खरी. त्याबद्दल माझी अथवा माझ्या घरातल्या कोणाचीही तक्रार नाही. तारखेस बाई, सून व मूल यांना अमरावतीस नेण्यासाठी माझी बैलांची दमणी येईल.
खुशालराव पाटील, मौजे धामणखेड